कोण हालू लागलंय?

अंधारात फोटो काढायला कॅमेऱ्यापेक्षा भाषा चांगली यावी लागते, हे कॅमेऱ्यासोबत आलेल्या माहितीपुस्तकात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मी बीदरला नौबादमध्ये राहतो, पण कन्नड मला अजून येत नाही. कॅमेरा घेऊन चार महिने झाले होते, आणि तेवढ्यात मी शटर बराच वेळ उघडं ठेवून रात्रीचे फोटो काढायला शिकलो होतो. शिकलो होतो म्हणजे, गच्चीवरून ताऱ्यांच्या रेघा काढल्या होत्या. (माझी बायको सुनीता त्यांना 'कढईवरचे ओरखडे' म्हणते. तिला कलेतलं कमी कळतं.) तारे फार गुणी असतात. ते मधेच चहा मागत नाहीत, आणि हालले तरी सगळे मिळून एकाच दिशेला हालतात. सासरची माणसं तशी नसतात!

सासरवाडी संतपूरची. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. त्यांची थोरली बहीण, म्हणजे सगळ्यांची आक्का, पंधराव्या वर्षी लग्न होऊन निंबर्ग्याला गेली आणि तिकडे पार कन्नड होऊन गेली. मराठी बोलते, पण हिशोब, शिव्या आणि स्वप्नं कन्नडमध्ये. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर ती महिनाभर भावाकडे विश्रांतीला आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मुलगा तिला न्यायला येणार होता.

त्या संध्याकाळी मामांनी ट्रंकेतून एक जुना फोटो काढून माझ्या हातात दिला. आक्काच्या लग्नातला. नवरी खुर्चीत ताठ बसलेली, आणि तिच्या शेजारी, जिथे पाच वर्षांचे मामा असायला हवेत, तिथे नुसता पांढरा धूर.

"ह्यो मी," मामा म्हणाले.

"हे तुम्ही?"

"फोटोवाला म्हनला, दम धर. आन् नाकावर माशी बसली. हाललो! आक्कासंगं तेवढा एकच फोटो, आन् त्यात बी मी न्हाई."

मामा कडक माणूस. तुरीच्या सौद्यात अख्ख्या बाजाराला घाम फोडणारे. पण हे बोलताना त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आता आक्का पुन्ना कवा येईल, काय सांगावं," म्हणाले. खरं सांगतो, मला गलबलून आलं. आणि मला गलबलून आलं की मी नको ते अंगावर घेतो.

अडचण अशी होती की डॉक्टरांनी आक्काला झगझगीत उजेड टाळायला सांगितला होता. दिवसा काळा चष्मा, आणि फ्लॅश तर अजिबात नको. काळ्या चष्म्यातली आक्का मामांना नको होती.

"त्यात काय मामा!" मी छाती पुढे काढून म्हणालो. "रात्री कंदिलाच्या उजेडात काढतो. शटर दोन मिनिटं उघडं ठेवायचं. फक्त कुणी हालायचं नाही."

"कुनी म्हंजे?" सासूबाईंनी विचारलं.

"कुणीच."

"दोन मिंटं? आमच्या घरात?"

जेवणं झाल्यावर अंगणात बाज टाकली. बाजेवर आक्का आणि मामा, मागे सासूबाई आणि सुनीता, खुंटीला कंदील, भिंतीशी पाण्याची घागर. मी ट्रायपॉडमागे उभा राहून खड्या आवाजात सांगितलं, "आता हालू नका!" आणि बटण दाबलं.

"मला ब्याडप्पा, नको," आक्का म्हणाली. "आत्ताच जेवले की."

फोटोचा आणि जेवणाचा काय संबंध, हे मला कळेना. "आक्का, बोलू नका!" मी म्हणालो. तेवढ्यात बाज करकरली. मी ओरडलो, "कोण हालू लागलंय?"

मी आणखी जोरात, "हालू लागलंय कोण तिकडं?"

आणि आक्का उठली. उठली ती सरळ घरात गेली!

"आक्का गेली," मामा दात आवळून म्हणाले.

"कुटं?" सासूबाईंनी ओठ न हालवता विचारलं.

"काय म्हाईत. म्या हालत न्हाई."

दोन मिनिटं संपून शटर मिटलं, तरी हे तिघे तसेच थिजलेले. मग आतून आक्का आली. हातात वाफाळत्या दुधाचा, पितळेचा, तांब्याएवढा पेला.

"घ्या जावई. मघाधरनं हालु लागलंय, हालु लागलंय म्हनून वरडायलाव. जेवतानाच सांगायचं की! लाज कामून?"

सुनीता हसून हसून बाजेवर कोसळली. "अहो, कन्नडमध्ये हालु म्हणजे दूध!"

लहानपणापासून मला दुधाचा नुसता वासही सहन होत नाही. पण त्याहून वाईट कॅमेऱ्याच्या पडद्यावर होतं. मामा दगडात कोरल्यासारखे स्वच्छ. शेजारी आक्का, पण पुसट, आणि तिच्यातून मागची भिंत आरपार!

"अगं बाई!" आक्का वाकून बघत म्हणाली. "माज्या पोटात घागर दिसायलीय!"

सासूबाई दृष्ट काढायला लिंबू आणायला आत पळाल्या. मामा मात्र पडद्याकडे बघून म्हणाले, "तवा मी धूर झालो, आता आक्का. ऱ्हाऊ द्या जावईबापू. आमचा दोगांचा फोटू न्हाईच." आणि बाजेवरून उठायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मामा, एकदाच! शेवटचं!" मी अक्षरशः हात जोडले. आता 'हालू' हा शब्द अंगणात कुणी उच्चारायचा नाही असं ठरलं. "सगळ्यांनी दगडासारखं बसायचं," मी आक्काला खुणा करून समजावलं.

"दगड? मंग कल्लु म्हना की! आदीच म्हनला असता तर!"

दगडाला कन्नडमध्ये कल्लु म्हणतात, हे ज्ञान मला फार उशिरा झालं. तेवढ्यात मामांनी हुकूम सोडला, "तुमी बी बसा. घरचा मानूस हाव तुमी." हे ऐकून मी इतका फुगलो, की कॅमेऱ्याला दहा सेकंदांचा टायमर लावला, दुधाचा पेला हळूच ट्रायपॉडच्या पायाशी ठेवला (त्यातून तेवढीच सुटका!) आणि धावत जाऊन बाजेच्या टोकाला टेकलो.

खट्! शटर उघडलं. सगळे कल्लु. एक मिनिट गेलं असेल, आणि आक्का ओठ न हालवता पुटपुटली, "जावई... हालु."

बिचारी परवानगी मागते आहे! "नका आक्का," मी कुजबुजलो. "थोडंच राहिलंय."

"हालु! हालु!"

"कल्लु, आक्का, कल्लु!"

"आरं हालु! बेक्कु!"

बेक्कु म्हणजे काय, हे विचारायची गरज पडली नाही. मामांचं मांजर पेल्यात तोंड खुपसून उभं होतं आणि शेपटीसकट सगळं अंग ट्रायपॉडच्या पायावर घासायच्या बेतात होतं. मी झेप घेतली. मांजर उचलून छातीशी धरलं आणि उरलेला वेळ कॅमेऱ्यामागे श्वास रोखून उभा राहिलो. मांजर माझ्या शर्टावर मिशा पुसत होतं.

फोटो आला. आक्का सुरकुतीन् सुरकुती आली. मामा आले, मिशीच्या केसांसकट. आणि आक्काचा हात मामांच्या गुडघ्यावर होता, पाच वर्षांच्या पोराने चुळबुळ करू नये म्हणून दाबून धरतात तसा. मामा पडद्यावरच्या तेवढ्या हाताकडेच बघत होते. मग उपरण्याने डोळे पुसून म्हणाले, "आक्का, आलाव गं दोगं बी." आक्का म्हणाली, "मी धरला नसता तर तू हाललाच असता." दोघं हसली, आणि मला मात्र रडू आलं.

आता ते दोन्ही फोटो संतपूरच्या बैठकीत शेजारी शेजारी लावलेले आहेत. येणारा जाणारा विचारतो, "मामा, पयल्यातला धूर कोन?"

"त्यो मी."

"आन् दुसऱ्यातला?"

"त्यो आमचा जावई," मामा अभिमानाने सांगतात. "हालू नका म्हनून वरडनारा त्योच!"

आम्ही संतपूरला गेलो की निंबर्ग्याहून आक्काचा फोन ठरलेला. "जावयाला हालु लागतंय. दिला का?" सासूबाई तोच पितळी पेला काठोकाठ भरून आणतात, आणि मी संपवेपर्यंत समोरून हालत नाहीत. मी खालीवर, ओसरीवर, बाजेखाली सगळीकडे बघतो. गरज असते तेव्हा ते मांजर कुठेच नसतं!