निमाणी स्टँडवरचा डबा आणि आजीची नथ

नाशिकला जायचं ठरलं ते तांब्याच्या भांड्यांमुळे. लेकीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर आणि आईचा हट्ट असा, की रुखवतातली हंडा-कळशी नाशिकच्या भांडी बाजारातलीच हवी. पुण्यात तांबं मिळत नाही का? मिळतं. पण आईला सांगणार कोण! ती शहात्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात आणि जीभ शाबूत आहे.

शिवाय मनातलं सांगते, मलाही जायचंच होतं. दिंडोरीच्या अलीकडे, हमरस्त्यापासून जरा आत, माझी शकूमावशी राहते. आईची सख्खी धाकटी बहीण. गेली सोळा वर्षं या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, आणि कारण काय, तर आजीची नथ. शेवटची तीन वर्षं आजी मावशीकडे होती, तिनं नथ मावशीला दिली. आईचं म्हणणं, थोरलीला विचारायची रीत होती. मावशीचं म्हणणं, थोरली होती कुठं? झालं. सुंभ जळाला तरी पीळ जाईना. आई अजून म्हणते, "शकूला नाकापेक्षा मोती जड झालाय."

मी मावशीला गुपचूप फोन केला. ती म्हणाली, "द्राक्षाची छाटणी चालू हाय गं रेखा. बागेत बाया लागल्यात, मला हलता नाय यायचं. डबा पाठवते. सकाळी धाच्या गाडीला निमाणीवर घे."

आता प्रवासाचं सांगते. दसरा होऊन गेलेला, दिवाळी यायची होती. हवा कोरडी, ऊन मात्र चटका देणारं. सकाळची गाडी पकडली. आईला पंच्याहत्तर पूर्ण असल्यानं तिचं तिकीट शून्य, मला बाई म्हणून अर्धं. आधार कार्ड पर्समध्ये वरच ठेवा, नाहीतर माझ्यासारखी अर्धी पर्स कंडक्टरच्या हातात रिकामी कराल. चाकणला अर्धा तास गेला, तो जातोच. नारायणगावच्या पुढे रस्ता छान. साडेपाच तास धरून चला. नाशिकमध्ये कुंभाच्या तयारीसाठी बरेच रस्ते खणलेत, म्हणून उतरल्यावर रिक्षावाला वळसा घालेल. तो फसवतोय असं समजून भांडू नका. मी भांडले, मग खड्डा बघितला आणि गप्प बसले.

उतरलो पंचवटीत, निमाणी स्टँडपासून चालत सात-आठ मिनिटांवरच्या एका साध्या लॉजवर. खोली स्वच्छ, नऊशे रुपये, गरम पाणी सकाळी आठपर्यंतच. ज्यांना नाशिकचा जुना भाग पायी बघायचाय त्यांनी इथंच राहावं. एका बाजूला स्टँड, दुसऱ्या बाजूला काळाराम, उतरून गेलं की रामकुंड, पूल ओलांडला की रविवार कारंजा आणि सराफ बाजार. गाडी लागतच नाही. पहिल्या संध्याकाळी आम्ही घाटावर भेळ खाल्ली आणि लवकर झोपलो.

दुसऱ्या दिवशी दहाला मी स्टँडवर. आई खोलीतच होती, तिला मी "नाश्त्याचं बघून येते" एवढंच सांगितलेलं.

निमाणीवर सकाळी काय चालतं हे बघण्यासारखं आहे हो. खेड्यातून शिकायला आलेल्या मुलामुलींचे डबे एसटीनं येतात. आई तिकडे पहाटे भाकऱ्या थापते, पिशवी गाडीत ठेवते आणि इकडे लेकरू येऊन उचलून नेतं. त्या गाडीतनं आठ-दहा पिशव्या उतरल्या. एका बाकावर रांगेनं मांडल्या. आणि सगळ्या पिशव्या एकसारख्या! त्या भागातल्या कुठल्याशा फवारणीच्या औषधाच्या दुकानानं गेल्या दिवाळीला भेट दिलेल्या, हिरव्या, त्यावर द्राक्षाचा घड. बाकीच्या मुली झपाझप येऊन आपापली पिशवी नेत होत्या. कुणी कडीला लाल दोरा बांधलेला, कुणी डब्यावर नाव कोरलेलं. मावशीला असलं काही सुचलंच नसणार. मी बिनदोऱ्याची एक उचलली आणि निघाले.

लॉजच्या जिन्यात मावशीचा फोन.

"पोचला का डबा?"

"हातातच आहे."

"मग ऐक. चटणीच्या पुड्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत आईची नथ घातली हाय. आक्काला दे. म्हणावं, नातीच्या लग्नात घाल."

मी जिन्यातच बसले. "मावशी! सोन्याची नथ डब्यात पाठवलीस?"

"मग काय झालं? भाकरीच्या डब्यात कोण हात घालतंय? दिसली का?"

आणि मी, डबा न उघडता, "हो, दिसली," म्हणाले. का म्हणाले? तिच्या आवाजात इतका आनंद होता, की तोंडातून निघूनच गेलं. फोन ठेवला, पळत खोलीत गेले, आईसमोर डबा ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

आईनं डबा जवळ ओढला. चष्मा लावला. डबा उघडला. मेथीची भाजी, ठेचा, दोन भाकऱ्या. चटणीचा पुडा नाही. नथ नाही. तिनं भाजीसुद्धा चमच्यानं उलथून बघितली.

"पाठवलीच नसेल तिनं," आई म्हणाली. "नुसतं तोंडानं पाठवली. माहीत होतं मला."

मला रडायलाच आलं. सोळा वर्षांनी एक दार किलकिलं झालं होतं आणि ते माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा लागत होतं. मावशीला वाटणार नथ पोचली, आईला वाटणार पाठवलीच नाही, आणि या जन्मी काही दोघी एका ताटात जेवत नाहीत.

तेवढ्यात आईनं भाकरी उचलली. उजेडात धरली, कडेवरून बोट फिरवलं.

"थांब. ही शकूची भाकरी नव्हे."

"काय?"

"शकूच्या भाकरीची कड जाड राहते. लहानपणापासून. आई रोज बोलायची तिला. ही बघ, कडेला पापुद्र्यासारखी आहे. ही दुसऱ्याच कुणाच्या हातची." मग माझ्यावर डोळे वटारून, "कुणाचा डबा घेऊन आलीस भवाने?"

सोळा वर्षं बहिणीचं तोंड बघितलं नाही आणि भाकरी मात्र ओळखली! मी वेड्यासारखी हसायला लागले. भाकरीखाली घडी घातलेली चिठ्ठी होती: "कोमल, आज पेपर आहे. उपाशी जाऊ नको. दोन्ही भाकरी खा. आई."

"मावशीलाच फोन करू का? तिच्याच बाजूची असेल ही पोरगी," मी म्हटलं.

"खबरदार!" आई पायात चप्पल सरकवत होती. "शकूला कळता कामा नये. तिनं विश्वासानं पाठवली आणि आम्ही हरवली, असं झालं तर काय तोंड दाखवू?"

ज्या बहिणीला ती दोन मिनिटांपूर्वी खोटी म्हणत होती, तिला तोंड दाखवायची काळजी! मी निमूट डबा घेतला आणि तिच्या मागे निघाले.

स्टँडवर बाकाशेजारीच चहाची गाडी आहे, एक लताबाई चालवतात. आल्याचा चहा दहा रुपयांना आणि माहिती फुकट. मी कोमल म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "डबा न्यायला तीन कोमल येतात ताई. कंच्या गाडीचा डबा?"

"दिंडोरीची, दहाची."

"मग ती चष्म्याची. तिच्या पिशवीला बी दोरा नसतो. काळारामाच्या मागच्या गल्लीत शिवणाच्या दुकानावर खोली हाय तिची. काय घोळ झाला का?"

"नाही नाही," आई आणि मी एकदम म्हणालो. सोन्याचं नाव स्टँडवर कोण काढेल?

काळारामाचं देऊळ निवांत बघा, काळ्या दगडाचं ते अंगण सकाळी गार असतं. आम्ही मात्र बाहेरूनच हात जोडले. "रामराया, नथ सापडू दे, मग आत येते," असं आईनं देवालाही बजावलं. शिवणाच्या दुकानावरच्या खोलीत कोमलची मैत्रीण भेटली. कोमल दहीपुलाजवळच्या अभ्यासिकेत गेली होती, दुपारी दोनला तिचा सराव पेपर. "डबा सोबत नेलाय तिनं," मैत्रीण म्हणाली. "पण मघाशी फोनवर कशी घाबरल्यासारखी बोलत होती."

आईनं माझा हात घट्ट धरला. घाबरल्यासारखी म्हणजे काय, हे विचारायचं धाडस दोघींनाही झालं नाही.

मग तो उतार, रामकुंडावरची गर्दी, पूल. एरवी या रस्त्याला आईनं सहा वेळा बसून घेतलं असतं. त्या दिवशी ती माझ्या पुढे. पुलापलीकडे जुनं नाशिक सुरू होतं: चढाच्या अरुंद गल्ल्या, चांदीची दुकानं, दारात रचलेली पितळी घंगाळी, आणि कुठून तरी ठोक्यांचा आवाज. ज्यासाठी पुण्याहून आलो तो भांडी बाजार लागला, दुकानदार "या मावशी, हंडा बघा" म्हणाला आणि आई त्याच्याकडे न बघता निघून गेली!

अभ्यासिका दुसऱ्या मजल्यावर. दारात चपलांचा ढीग, आत पंख्याची घरघर. मी कुजबुजत विचारलं तर पन्नास माना वर झाल्या. त्यांतली एक चष्म्याची मुलगी आमच्या हातातली हिरवी पिशवी बघून ताडकन उठली आणि आम्हाला जिन्यात घेऊन आली. वीसेक वर्षांची असेल, ओढणी गच्च छातीशी धरलेली.

"तुमचा डबा माझ्याकडं आलाय," ती म्हणाली. "इथं येऊन अकरा वाजता उघडला. परत स्टँडवर जाऊन अर्धा तास उभी होते मी. पण विचारणार कुणाला? सोन्याची वस्तू म्हटलं असतं तर दहा जणी धावल्या असत्या. घरी फोन लावला तर आई बागेत, उचलत नाय."

"आहे ना?" आई तिच्या जवळ सरकली.

पोरगी काही कमी नव्हती. चष्मा नाकावर सारून म्हणाली, "आजी, राग मानू नका. पण आधी तुम्ही सांगा, कशी आहे?"

मला आधी रागच आला. मग म्हटलं, शाब्बास गं पोरी.

आईनं जिन्याचा कठडा धरला. "सात मोती आहेत. मधे लाल खडा. आणि खालचा एक मोती पिवळट आहे, त्यावर बारीक खूण आहे. माझ्या दाताची. पाच वर्षांची असताना मी तो साखरफुटाणा समजून चावले होते. आई मारायला धावली तर शकू मधे पडली. एवढीशी होती, तिलाच फटका बसला."

ही गोष्ट मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते.

कोमलनं ओढणीच्या आत पिनेनं टाचलेली छोटी पिशवी सोडवली आणि आईच्या तळहातावर ठेवली. पिवळा मोती होता. त्यावरची खूणही होती. बाकी तार नवी घातलेली, लखलखीत. मावशीनं नथ नव्यानं ओवून घेतली होती आणि तो एक बिघडलेला मोती बदलला नव्हता.

माझा जीव भांड्यात पडला. आई जिन्याच्या पायरीवर बसली आणि ढसाढसा रडली. कोमल बिचारी गोंधळून म्हणत होती, "आजी, अहो सापडली ना, आता का रडताय?"

"तू जेवलीस का गं?" आईनं डोळे पुसत विचारलं.

"दुसऱ्याचा डबा कसा खाणार?"

साडेबारा होऊन गेले होते. त्याच पायरीवर आम्ही दोन्ही डबे उघडले. कोमलनं तिच्या आईच्या दोन्ही भाकऱ्या संपवल्या, चिठ्ठीत लिहिलं होतं तसं. मावशीनं आम्हाला बाजरीच्या चार भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि भरली वांगी दिली होती. आईनं भाकरीची जाड कड मोडली, चटणीला लावली आणि म्हणाली, "अजून सुधारली नाही." आणि खाल्ली. मग दुसरी घेतली.

कोमल पेपरला गेली. आम्ही परतताना हंडा-कळशी घेतली (वजनावर भाव असतो, दोन-तीन दुकानं फिरा), आणि आईनं रामाला दिलेला शब्द पाळला. देवळातच बसून मी मावशीला फोन लावला आणि सकाळचं खोटं कबूल करून टाकलं. तिनं आधी शिव्या घातल्या, मग हसली, मग विचारलं, "आक्का काय म्हणली?"

"काही नाही. तुझी भाकरी खाल्ली."

"किती खाल्ल्या?"

"दोन."

"बरं," मावशी म्हणाली, आणि बागेतल्या बायांना हाका मारत तिनं फोन ठेवला.

निमाणीवर अशी रीत आहे, की रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत जातो. मी डबा धुऊन पिशवीत घातला तर आईनं तो काढून घेतला. "रिकामा डबा परत पाठवतात होय? आईनं शिकवलं नाही का तुला?" मी म्हटलं, पेढे घालू. नको. चिवडा? नको. शेवटी डबा हंड्यात बसून आमच्यासोबत पुण्याला आला.

आता या गोष्टीला आठवडा झाला. नाशिक कसं वाटलं म्हणून मैत्रिणी विचारतात. काय सांगू? अर्ध्याहून अधिक बघायचं राहिलं. लेणी नाहीत, द्राक्षाच्या बागा नाहीत, ज्या मिसळीचं इतकं कौतुक ऐकलं होतं ती सुद्धा नाही. तरी इतकी हलकी होऊन मी कुठल्याच प्रवासातून आले नव्हते. नथ देवघरातल्या डबीत आहे. मावशीचा डबा मात्र ओट्यावरच होता. आई रोज तो पुसायची, उघडून बघायची आणि परत ठेवायची.

काल सकाळी उठले तर स्वयंपाकघरात बेसनाचा वास. आई गुडघ्याला पट्टा बांधून ओट्याशी उभी, आणि डब्यात लाडू भरत होती. मी म्हटलं, "छान केलंस. आज नाशिकच्या गाडीवर टाकते, निमाणीला मावशी कुणाला तरी पाठवेल."

"गाडीवर टाकायचा नाही," आई म्हणाली. "एकदा हरवून झालाय ना तुझा? निमाणीहून तिच्या गावाची गाडी किती वाजता असते?"

मी तिच्याकडे बघतच राहिले.

"बघतेस काय? मला तिकीट पडत नाही. तुला यायचं असेल तर अर्धं काढ."