टॅबच्या खोलीतला सुदाम

आमच्या शाळेत टॅबवर शिकलेला माणूस एकच. तो विद्यार्थी नाही आणि शिक्षक तर नाहीच नाही. तो आमचा शिपाई, सुदाम. बाकी आम्ही सगळे टॅबच्या पाया पडलो आणि मोकळे झालो.

मी रागात बोलतेय असं वाटेल, तर हो, रागच आहे. नायगावपासून एसटीनं अर्धा तास आत आमची शाळा आहे, तिथं मी मराठी शिकवते. पोरं चांगली, इमारत बरी, आणि मुख्याध्यापक शेषेराव सर. त्यांच्याबद्दल चांगलं बोलायचं तर त्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे. पुढचं विचारू नका.

दोन वर्षांपूर्वी नांदेडच्या एका ट्रस्टनं शाळेला चाळीस टॅब दिले. आठवी ते दहावीचे सगळे धडे आत भरलेले, हलणारी चित्रं, बोलणारे नकाशे. नारळ फुटला, भाषणं झाली. चार दिवसांनी खंडेनवमी आली. त्या दिवशी शाळेत तराजू, पेटी, घंटा, कंपास सगळ्यांची पूजा असते. सरांना वाटलं, टॅबनंच काय घोडं मारलंय? चाळीसच्या चाळीस टॅब सतरंजीवर मांडले. हळद झाली, कुंकू झालं, अक्षता झाल्या, वर तांब्यातलं पाणी शिंपडलं. पोरांनी रांगेनं येऊन नमस्कार केला. दोन टॅब जागच्या जागी गेले. चार्जिंगच्या भोकात ओली हळद बसली होती.

उरलेले अडतीस सरांनी लोखंडी कपाटात घातले आणि किल्ली खिशात टाकली. पोरांच्या हातात दिले की फुटलेच समजा, असं त्यांनी आम्हाला मीटिंगमध्ये समजावलं. पोरांनी हात लावायच्या आधी आपणच दोन मारले, हे काही त्यांना आठवलं नाही.

पुढं दिवाळी झाल्यावर ट्रस्टचा फोन आला. टॅब किती तास चालले ते त्यांना नांदेडात बसून दिसत होतं, आणि आमच्या शाळेपुढं भोपळा होता. वापर नसेल तर टॅब परत द्या, दुसऱ्या शाळेला देऊ, म्हणाले. शहाण्या माणसानं अशा वेळी कपाट उघडून टॅब वर्गात पाठवले असते. सरांनी सुदामला बोलावलं. रोज अकरा ते एक नकाशांच्या खोलीत बसायचं, दार आतून लावायचं, सगळ्या टॅबवर धडे सुरू करायचे. एक संपला की दुसरा लावायचा. पोरं वर्गात कोरडी आणि तास चाललेत बंद खोलीत! वर्ष सरायच्या आत ट्रस्टच्या यादीत आमची शाळा पहिली आली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ते हेच.

आता सुदाम कोण, ते सांगते. चाळिशीचा, हडकुळा, मान खाली घालून चालणारा माणूस. दहावीला विज्ञानात तीनदा नापास झाला आणि ज्या शाळेनं नापास केलं, तिचीच घंटा वीस वर्षं वाजवतोय. त्याची मुलगी सृष्टी गेल्या वर्षी आमच्याकडं दहावीला होती. तिला अकरावीला लातूरला सायन्सला घालायचं, एवढाच त्याचा ध्यास. स्टाफरूममध्ये यावर हशा पिकायचा. शिपायाची पोरगी लातूरला काय घंटा वाजवायला जाणार आहे का, असं आमच्यातलेच एक विद्वान म्हणाले होते. हसणाऱ्यांत मीही होते, लपवून काय करू?

आणि दहावीला विज्ञान शिकवायला माणूसच नव्हता. आधीचे सर निवृत्त झाले, जागा रिकामी, म्हणून तो तास माझ्या गळ्यात पडला. मी काय करायचे? पोरांना पुस्तक मोठ्यानं वाचायला लावायचे आणि उच्चार सुधारायचे. प्रकाशाचं अपवर्तन म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, पण ते म्हणायचं कसं हे पोरांना पक्कं शिकवलं.

सुदाम सरांकडं गेला होता. विज्ञानाच्या तासाला दोनच टॅब वर्गात न्यायला द्या, मी स्वतः शेजारी उभा राहतो, म्हणाला. सरांनी त्याला आल्या पावली परत पाठवलं. आज तुझ्या पोरीला दिले की उद्या सारं गाव मागायला येईल, म्हणाले.

मग डिसेंबरात एकदा सृष्टीनं भर वर्गात माझी चूक काढली. दूरचं न दिसणाऱ्याला कुठलं भिंग लागतं, ते मी उलटं सांगितलं होतं. तुला कुणी सांगितलं, असं विचारलं तर म्हणाली, पप्पांनी.

दुसऱ्या दिवशी मी नकाशांच्या खोलीचं दार वाजवलं. सुदामनं घाबरत उघडलं. जमिनीवर अडतीस टॅब, सगळ्यांवर तोच धडा, पण थोडा मागंपुढं, त्यामुळं खोलीत नुसता कालवा. मधोमध जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. त्यांच्या कोऱ्या पाठीवर त्यानं पेन्सिलनं डोळा काढला होता, हृदय काढलं होतं, भिंगातून जाणारे किरण पट्टीनं आखले होते. जिथं कळलं नाही तिथं धडा थांबवून तीन-तीनदा ऐकायचा आणि संध्याकाळी घरी पोरीला शिकवायचा.

"मॅडम, सरांना सांगू नका," तो म्हणाला. "मला आता हे समजायलंय."

नापास झाल्यावर पंचवीस वर्षांनी एक माणूस हे सांगत होता. मला माझीच लाज वाटली. पुढच्या विज्ञानाच्या तासाला मी खडू त्याच्या हातात दिला आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. आधी पोरं फिदीफिदी हसली. त्यानं फळ्यावर डोळा काढायला घेतला तशी गप झाली. त्या महिन्यात आमच्या वर्गात विज्ञान झालं.

जानेवारीत ट्रस्टचे साहेब पहिल्या नंबरची शाळा बघायला आले. त्या सकाळी पोरांना पहिल्यांदा टॅब मिळाले. साहेबांनी सृष्टीला डोळ्याचा धडा उघडायला सांगितला. तिनं टॅब दोन्ही हातांनी उचलला आणि कपाळाला लावला. पूजेच्या दिवशी तेवढंच शिकवलं होतं ना! साहेब गहिवरले. हे संस्कार, म्हणाले, फोटो काढला. पण टॅब सुरू कसा करायचा ते काही पोरीला माहीत नव्हतं. चार्जिंग उतरलंय, असं सरांनी मागून रेटून सांगितलं. मग तोंडी सांग, म्हणाल्यावर तिनं फळ्यावर डोळा काढला आणि घडाघडा सगळं सांगितलं. बघा टॅबची कमाल, साहेब म्हणाले. सुदाम दारात चहा घेऊन उभा होता. त्याच्याकडं कुणी बघितलं नाही.

फळ्यावरची आकृती सरांना मात्र खटकली. कुणी शिकवलं याची चौकशी झाली आणि स्टाफरूममधल्या कुणा पुण्यवानानं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी सुदामला मेमो मिळाला. त्यात सुंदर अक्षरात लिहिलं होतं, "शाळेच्या टॅबचा स्वतःच्या शिक्षणासाठी वापर केल्याबद्दल खुलासा करावा." शाळा आहे हो ही! आणि शिकला म्हणून मेमो! पुन्हा वर्गात पाय ठेवलास तर घरी बसशील, अशी तंबीही मिळाली. वर्ग बंद झाला. उत्तरपत्रिकांचे कागद तेवढे त्यानं घरी नेले होते, त्यांच्यावर सृष्टीनं परीक्षा काढली.

विज्ञानात तिला चौऱ्याण्णव पडले. लातूर पक्कं झालं. आणि सरांनी लगेच सत्कार ठेवला, ट्रस्टच्या साहेबांना बोलावलं. आयजीच्या जिवावर बायजी उदार! टॅबमुळंच मी घडले, असं भाषण सृष्टीनं करायचं होतं. ते लिहायचं काम मराठीच्या मॅडमला, म्हणजे मला. मी लिहिलं. रागावून घ्यायला माझ्याकडं जीभ आहे, पण नाही म्हणायला नव्हती. सृष्टी हे बोलायला तयार होईना. तिला सुदामनंच समजावलं.

"लिवलंय तसं वाच गं माय. मेमो अजून सरांच्या टेबलावर हाय."

तिनं वाचलं. एक अक्षर चुकवलं नाही. टाळ्या झाल्या. मग सरांनी टेबलावर हार घातलेला एक टॅब ठेवला आणि साहेबांना आवडला होता तसा नमस्कार कर, म्हणाले. फोटोवाला पुढं सरकला.

सृष्टी टेबलापर्यंत आली, तशीच पुढं गेली आणि स्टेज उतरली. खुर्च्यांमधून चालत दारापाशी गेली. सुदाम तिथं पाण्याच्या ग्लासांचा ट्रे घेऊन उभा होता. ती वाकली आणि त्याच्या पायांना हात लावून तशीच थांबली. सर माईकवरून काहीतरी बोलत राहिले. सुदामचे दोन्ही हात ट्रेत अडकलेले, पोरीच्या डोक्यावर ठेवायला एकही मोकळा नव्हता.

मी उठले आणि ट्रे माझ्या हातात घेतला.