कपाळावरची राख

परभणीत आमची कॅथलिक घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. चर्च नव्हतं. फादर महिन्यातून एका रविवारी मोटारसायकलवरून येत, आमच्याच बाहेरच्या खोलीत मिस्साची उपासना होई, आणि उरलेले दिवस श्रद्धा चालू ठेवण्याचं काम बाबांकडे असे. बाबा एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. संध्याकाळी रॉकेलने हातांचं ग्रीस काढायचं, साबण लावायचा आणि मग जपमाळ घ्यायची, हा त्यांचा क्रम. पावसाळ्यात वीज गेली, पाहुणे आले, माझी दुसऱ्या दिवशी परीक्षा असली, तरी जपमाळ चुकली नाही. मी मृदाशास्त्रात एम.एस्सी. केलं ते याच घरातून. प्रार्थना आणि अभ्यास यांत मला कधी भांडण दिसलं नाही. ते इतरांना दिसे आणि ते मी मिटवावं अशी त्यांची अपेक्षा असे.

राखेच्या बुधवारी आमच्या उपवासकाळाला सुरुवात होते. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी ओढ्याकाठच्या शिंदीची पानं आणून आम्ही त्यांचे छोटे क्रूस वळत असू. वर्षभर ते भिंतीवर राहत आणि मग जाळून त्यांची राख होई. फादरांनी आशीर्वादित केलेली ती राख बाबा बुधवारी पहाटे आमच्या कपाळांवर लावत आणि प्रत्येकाला बजावत, की तू माती आहेस आणि मातीलाच मिळशील. रोज मातीचे नमुने चाळणाऱ्या मुलीला या वाक्याची भीती वाटण्याचं कारण नव्हतं.

त्या वर्षी त्याच बुधवारी माझी मुलाखत आली. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत संशोधन सहायकाची एक जागा होती, आणि ती मला हवी होती. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन काही वर्षं लोटली होती, अंमल मात्र झालेला नव्हता. भिंतींवर दोन्ही बाजूंच्या घोषणा एकमेकींवर चढलेल्या असत. ज्या वर्षी त्यावरून दलित वस्त्या जळाल्या, त्या वर्षी आईने खिडकीजवळची मारियामातेची तसबीर आतल्या खोलीत नेली होती. ती अजून तिथेच होती.

मी निघाले तेव्हा आई ओला पदर घेऊनच दारात उभी.

"पुसून टाक गं ते. आजच्या दिवस. देवाला कळतंय की सगळं."

"देवाला कळतंय, मग पुसायचं कशाला?"

"त्यांना कळू नये म्हनून! लय शहानी झाली. अहो, तुमी तरी सांगा तिला. सांजच्याला परत लावा की."

बाबा सायकलची चेन बसवत होते. मान वर न करता म्हणाले, "राख म्हंजे पावडर हाय का, पुसली की परत लावायला?"

आई पदर झटकून आत गेली. मी तशीच निघाले.

मुलाखतीच्या खोलीत विभागप्रमुख होते आणि बाहेरून आलेले एक परीक्षक. विभागप्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"वा! पोखर्णीहून आलात वाटतं थेट? नरसिंहाचा अंगारा ना? आमचं कुलदैवत हो. बसा, बसा."

चहा मागवला गेला. आमचं आडनाव इथल्या मातीतलंच, त्यावरून धर्म कळत नसे. मला काही बोलायचीही गरज नव्हती. नुसतं हसले असते तरी भागलं असतं. चुकीचं निरीक्षण माझ्या बाजूने आहे म्हणून नोंदीत राहू द्यायचं, हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं.

"नाही, सर. आज राखेचा बुधवार आहे. आम्ही कॅथलिक."

"अच्छा," ते म्हणाले. चहा आला, तो दोघांपुढेच ठेवला गेला.

परीक्षकांनी चष्मा काढला. "म्हणजे मूळचे कोण तुम्ही?"

"जिंतूरकडचे."

"गाव नाही विचारलं मी."

"समजलं, सर. आजोबा गावाबाहेरच्या वस्तीत राहायचे. तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जातीच्या सवलती त्याबरोबर गेल्या. हा प्रश्न मात्र राहिला."

"मिशनच्या दुधाच्या पावडरीवर धर्म सोडून बाटली म्हणतात ती मंडळी," ते विभागप्रमुखांकडे बघून हसले. मग मला म्हणाले, "आणि विज्ञान शिकलेल्या मुलीने राख फासून यावं?"

"दोन मिनिटांपूर्वी हा अंगारा होता, सर. तेव्हा तो विज्ञानाच्या आड येत नव्हता."

मग विभागप्रमुखांनी कोरड्या स्वरात विचारलं, की शेतात राख टाकावी असा सल्ला मी देईन का. मी सांगितलं, की राखेत पालाश, म्हणजे पोटॅश, असतं, पण ती अल्कधर्मी असते. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीचा सामू, म्हणजे पीएच, आधीच चढलेला, त्यामुळे इथे सरसकट देणार नाही. आधी नमुना तपासेन. उत्तर बरोबर होतं. दोघांनाही ते माहीत होतं.

दुपारी शिपायाने बाहेर येऊन निवड झालेल्याचं नाव वाचलं. ते माझं नव्हतं. कागद दाराला डकवताना तो हळूच म्हणाला, "तुमचं न्हाई झालं, ताई. घरी जा आता, उन्हाचं थांबू नका." मी घरी गेले, चालत, भर रस्त्याने. कपाळ झाकलं नाही.

आईला सांगावं लागलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि भाकरी थापायला बसली. उपवासाच्या दिवशीचं आमचं ते एकच पोटभर जेवण. ते कुणी बोलून नासवलं नाही.

जपमाळेनंतर आमच्याकडे ज्याने त्याने आपापली विनंती मोठ्याने मांडायची असते. मागणं पटो न पटो, बाकीच्यांनी "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक" म्हणायचंच. धाकट्या भावाने एकदा गणिताचे सर आजारी पडोत अशी विनंती केली होती, आणि आम्ही सगळे तिला उत्तर देऊन मोकळे झालो होतो.

आई म्हणाली, "माझ्या लेकीला कुठंबी, कसलीबी नोकरी लागू दे."

"हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक," मीही म्हटलं. कुठंबी आणि कसलीबी मला चालणार नव्हती, पण नियम नियम होता.

माझी पाळी आली. "ती जागा पुन्हा निघाली की मी पुन्हा अर्ज करीन. त्याच खोलीत बसेन. त्या दिवशीही मला कोण म्हणून विचारलं, तर हेच सांगायचं बळ दे."

बाबा आणि भाऊ म्हणाले. मग बाबा आईकडे पाहून खाकरले. अखेर ती म्हणाली, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." आणि आमेन व्हायच्या आत, एका दमात, "आन हिला जरा गोड बोलाया शिकीव."

बाबांनी उत्तर दिलं. भावाने तर फारच मन लावून दिलं. मी दिलं नाही.