चार महिन्यांची सनद

मार्चचा दुसरा रविवार. काम : गावातली माणसं मोजणे, जातवार, दुपारच्या जेवणाआधी.

हे काम मी मागून घेतलेलं नव्हतं. शहाडच्या पलीकडे, उल्हास नदीच्या काठाला माझ्या सासरचं गाव आहे. घरं एकोणचाळीस. आम्ही कल्याणला राहतो, सासरे गावात. त्यांना सगळे अप्पा म्हणतात. वय चौऱ्याऐंशी, आवाज चाळिशीतला. यंदा देवीच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला, म्हणून जत्रेला स्मरणिका काढायचं ठरलं आणि तिच्यात एक पान हवं होतं : ‘आपल्या गावातील लोक.’

“सूनबाई करेल,” अप्पांनी सभेत जाहीर केलं. “ठाण्याला सरकारी कचेरीत आहे. तिला तक्ते येतात.”

सूनबाईला त्या रविवारी झोप काढायची होती, हे कोणी विचारलं नाही.

या पानामागची खरी भानगड नारळाची होती. आमच्या गावाची रीत अशी की जत्रेतला पहिला नारळ गावातल्या सगळ्यांत जुन्या घरानं फोडायचा. गेली तीस वर्षं तो अप्पा फोडतात, आणि गेली तीस वर्षं समोरचे गणपतदादा पाटील त्यावरून कुरकुरतात. एकदा छापून आलं की तोंडं बंद होतील, असा अप्पांचा हिशेब. “माझ्या हातून आणखी किती नारळ फुटणार आहेत?” असं ते म्हणाले, तेव्हा मी मुकाट्यानं वही घेतली.

सुरुवात गणपतदादांपासूनच केली.

“लिव, आगरी. सोळा घरा. पयले आमीच.”

“आलात कुठून?”

“उरनच्या बाजूशी. मिठागरावर व्हते आमचे म्हातारे.”

“म्हणजे बाहेरून आलात.”

“आयलो, पन पयले आयलो!”

कोळ्यांची सहा घरं. ते म्हणाले, आम्ही नदीबरोबरच आलो, आता नदी कधी आली ते तिला विचारा. कुणबी शहापूरकडचे निघाले. दुकानवाले कच्छी म्हणाले, “आमचं मराठीच लिहा ना ताई, कच्छी लिहिलं की लोक उधार जास्त मागतात.” खाणीवरची दोन घरं तेलुगू. फार्महाऊसचा रखवालदार नेपाळी. (त्याची बायको रत्नागिरीची! हे घर कोणत्या रकान्यात घालायचं यात माझी वीस मिनिटं गेली.) म्हशीवाल्या भैयांच्या घरी मी चांगलं घासूनपुसून हिंदी बोलायला लागले, तर आजोबा जौनपूरचे असलेला तो नातू म्हणाला, “आवो वैनी, मराठीत बोला ना. मना हिंदी नीट येत नाय.”

वर टेकडीला ठाकर आदिवासींची पाच घरं. तिथं जनीआजी अंगण सारवत होती.

“आजी, तुम्ही कुठून आलात?”

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “कुठून म्हंजे? हितशीच. आमाला कंदी कोन इचारलाच नाय.”

घरी येऊन तक्ता केला. आणि इथं माझ्या हातून ती चूक झाली. ‘शेरा’ या रकान्याशिवाय मला तक्ता पुरा वाटतच नाही. सव्वीस वर्षांची सवय. सगळ्यांपुढे शेरे लिहिले, आणि आमच्या स्वतःच्या घरापुढे सवयीनंच लिहिलं : ‘पुरावा पाहणे आहे.’

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा वाचलं.

“पुरावा? माझ्या घराला?”

“सगळ्यांना एकच नियम, अप्पा.”

“सनद आहे आपल्याकडे! सात पिढ्यांची!”

सनद होती, हे खरं. देवघराशेजारी काचेच्या फ्रेममध्ये मोडी लिपीतला पिवळा कागद होता. दर दसऱ्याला त्याला हार, हळदकुंकू. सासूबाई होत्या तोवर त्याला पेढ्याचा नैवेद्यही असायचा. वाचता मात्र कोणालाच येत नव्हता.

“मग वाचून घेऊ,” मी म्हटलं. घरातल्या कोणी काही वाचून घ्यावं असं मी यापुढे कधीही सुचवणार नाही.

माझं माहेर ठाण्याच्या नौपाड्याचं. तिथं आमच्या गल्लीत मोडी वाचणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत. पुढच्या शनिवारी मी आणि नवरा, प्रकाश, ती फ्रेम चादरीत गुंडाळून रिक्षातून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी भिंग लावलं. कुंकू खरवडलं. मग पुन्हा पहिल्या ओळीवर गेले.

“कागद महत्त्वाचा आहे का हो?” प्रकाशनं विचारलं.

“महत्त्वाचा... म्हणजे, स्पष्ट आहे,” ते म्हणाले, आणि बाळबोध अक्षरात सगळं उतरवून माझ्या हातात दिलं. मी पर्समध्ये चष्मा शोधतेय तोवर प्रकाशनं त्या कागदाचा फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं : ‘आमच्या घराण्याची सनद! वाचा!’

मग मी वाचलं.

अप्पांच्या पणजोबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, की आपण नदीला पूर आल्यामुळे पलीकडे जाऊ शकत नाही, सबब बाळू ठाकर यांनी आपणास त्यांच्या जागेत चार महिने राहू द्यावे, पावसाळा सरताच आपण निघून जाऊ. खाली बाळू ठाकराची निशाणी. मंजूर.

“प्रकाश, डिलीट कर! आत्ताच्या आत्ता!”

“का? बावीस जणांनी वाचलंय. गणपतदादांनी तर अंगठाही दिलाय.”

गणपतदादा अंगठा देणारच! सात नाही तरी पाच पिढ्या आम्ही ज्या कागदापुढे हात जोडत होतो, तो पावसाळ्यापुरत्या मुक्कामाचा परवाना होता. आणि आम्ही अजून निघालेलो नव्हतो.

गावात पोचलो तर देवळाच्या मांडवात सभा बसलेली. गणपतदादा उभेच होते.

“अप्पा, पावसाला सरला का वो?”

मांडव हसला. अप्पा हसले नाहीत. एरवी शंभर माणसांना गप्प करणारा हा माणूस धोतराची निरी चाळत बसला होता. मला पहिल्यांदा त्या शेऱ्याची लाज वाटली.

“नारल आता आमचा,” गणपतदादा म्हणाले.

“का?” मी उठलेच. “तुम्ही उरणचे. वहीत आहे. हे कोळी नदीचे, हे शहापूरचे, हे कच्छचे. इथला म्हणावा असा या मांडवात एकही नाही.”

मग कोणीतरी म्हणालं, ठाकरांना बोलवा. जनीआजी आली ती काठी टेकत, वैतागत. चूल पेटती ठेवून आलेली. तिला कागद वाचून दाखवला. बाळू ठाकर तिचा पणजा. तिला ते नाव ठाऊक होतं.

“आजी, पहिला नारळ तुमचा,” सरपंच म्हणाले.

“मी काय करू? हातात जोर नाय, तोंडात दात नाय.” तिनं मांडवभर पाहिलं आणि अप्पांवर नजर थांबवली. “म्हाताऱ्या, तूच फोड. माज्या नावानं फोड.”

“फोडतो,” अप्पा म्हणाले. आवाज खाली गेला होता.

“पन थांब. कागूद तं चार म्हयन्यांचा ना? मंग नवा करा. असा बिनकागदाचा कसा ऱ्हाताव?”

गणपतदादा सगळ्यांत मोठ्यानं हसले. तेवढ्यात तिनं काठी त्यांच्याकडे वळवली : “तुजा तं जुनाबी नाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, मी अर्ज लिहायला बसले. विषय : गावात राहण्यास मुदतवाढ मिळणेबाबत. तीन प्रती. अप्पांनी सही केली, तीही पूर्ण नावानिशी, आणि म्हणाले, “शेऱ्याचा रकाना ठेवू नकोस.”

टेकडी चढून गेले. जनीआजीनं कागद उलटासुलटा करून पाहिला, प्रत्येक प्रतीवर अंगठा उठवला, आणि बोट पुसता पुसता विचारलं, “तू कनची?”

“नौपाड्याची. ठाण्याची.”

“म्हंजे तूबी भायेरची. मंग तुजा येगला अर्ज आन.”

सव्वीस वर्षं कचेरीच्या खिडकीपलीकडच्या लोकांना अगदी हेच सांगून परत पाठवणारी मी, माझ्या अर्जाचा मसुदा जुळवत टेकडी उतरले.