शेजारच्या कझाक बाईंचा चहा

जर्मनीत रेगेन्सबर्गला आमच्या शेजारी एक कझाक बाई राहतात. प्रत्येक वाक्यानंतर त्या क्षणभर थांबतात, ऐकणाऱ्याला ते नीट पोचावे म्हणून. कझाकस्तान म्हणजे रशिया नव्हे, हे त्यांना इथे वारंवार सांगावे लागते. कॅस्पियन समुद्रापासून चीनच्या सीमेपर्यंत पसरलेला देश सुशिक्षितांना दिसू नये, याची मला चीड येते.

परवा त्यांच्याकडे चहाला वरच्या मजल्यावरचे निवृत्त जर्मन गृहस्थही होते. ते म्हणाले, "आल्झो, म्हणजे बघा, तुम्ही लोक मेंढ्यांमागे भटकत होता. सोव्हिएत राजवटीनेच तुम्हाला माणसांत आणले."

"मेंढ्या होत्या," बाई म्हणाल्या. "त्याच राजवटीने त्या काढून नेल्या. मग माझ्या आजीची सगळी भावंडे उपाशी मेली."

"पण शाळा तर मिळाल्या ना?"

बाईंनी त्यांचा पेला काठोकाठ भरला. कझाक घरात पाहुण्याला चहा थोडाथोडाच ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा आग्रह करता येतो. काठोकाठ भरलेल्या पेल्याचा अर्थ, आता निघावे. गृहस्थ मात्र खूश झाले. सावकाश चहा संपवून त्यांनी पेला पुन्हा पुढे केला.

बाईंनी तो घेतला, धुऊन पालथा घातला आणि त्यांचा कोट आणून दिला.