अबोल्यात बसवलेला टर्बो

लग्न होऊन मी मुलुंडला आले तेव्हा आमच्या घरात दोन पुरुष होते आणि ते एकमेकांशी बोलत होते. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे वर्षभर तसं काही राहिलं नाही. साल पंच्याऐंशी असेल किंवा शहाऐंशी. माझा त्या काळातल्या सगळ्याच गोष्टींत घोळ आहे, तसा सालाचाही आहे.

अबोला सुरू झाला तो कशेडी घाटात. सासरे विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होते आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी गाडी घेतली होती. तिच्यातून आम्ही तिघं गणपतीला गावी निघालो होतो. नवरा चालवत होता. अर्ध्या घाटात गाडीने मान टाकली. मी लग्नातल्या साडीत गाडी ढकलली. शेजारून गेलेल्या एसटीतली माणसं माना बाहेर काढून बघत होती आणि त्यांच्यादेखत सासरे म्हणाले, "तुका गाडी चालवची अक्कल नाय."

नवरा म्हणाला, "गाडीच मेलेली घेतलीत, त्याला मी काय करू?"

झालं. मला वाटलं, विसर्जनापर्यंत मिटेल. विसर्जन झालं, दिवाळी गेली, संक्रांतीला तिळगूळ मी दोघांच्या हातावर वेगवेगळा ठेवला. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे घरात तिसरं माणूस मीच. एक म्हणे "त्याका सांग", दुसरा म्हणे "बाबांना सांग". दोघंही एकाच खोलीत बसलेले असायचे, दोघांनाही सगळं ऐकू जायचं, तरी मी सांगितल्याशिवाय ते पोचलं असं कोणी मानत नसे. आधी मला हसू यायचं. नंतर यायचं बंद झालं.

आणि मग एका रविवारी नवऱ्याने कुर्ल्याच्या भंगार बाजारातून गोणपाटात गुंडाळून काहीतरी आणलं आणि थेट माझ्या ओट्यावर ठेवलं. बिडाचा, गोगलगायीसारखा वळलेला, काळा तेलकट गोळा. कुठल्याशा अपघात झालेल्या परदेशी गाडीतला.

"टर्बो आहे. आपल्या गाडीला लावणार," तो म्हणाला. "बघू आता घाट कसा अडवतो ते."

तो ड्राफ्ट्समन होता. त्याच्याकडे परदेशी मासिकातल्या लेखाच्या झेरॉक्स होत्या आणि त्यावर पेन्सिलीच्या खुणा. मी विचारलं, "अहो, पण गाडी बाबांची आहे ना?"

"मग नको म्हणू दे त्यांना."

ही खरी मेख होती. नको म्हणायचं तर बोलावं लागलं असतं. सासरे गॅलरीत खुर्ची टाकून बसले आणि खाली कंपाउंडमध्ये स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडलेलं बघत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही. म्हणाले, "त्या शहाण्याक सांग, हेडखाली जाड गॅस्केट घातल्याशिवाय हवा फुकलंस तर पिस्टन फुटतलो."

मी खाली गेले आणि सांगितलं, "बाबा म्हणतात, जरा जाड गॅस्केट घालशील का." मी असंच करायचे. शहाणा, गाढव, मेलो हे शब्द जिन्यातच सोडून यायचे आणि "जरा" तेवढा पदरचा घालायचे. नवऱ्याची उत्तरंही वर नेताना मी अशीच धुऊन नेत असे. दुसऱ्या दिवशी बॉनेटवर तांब्याच्या पत्र्याचं, कानशीने घासून गुळगुळीत केलेलं गॅस्केट ठेवलेलं होतं. कोणी ठेवलं, कोणी विचारलं नाही.

मला टर्बोचं काही पडलं नव्हतं. मला त्या दोघांनी बोलायला हवं होतं. पुढच्या गणपतीत घाट चढताना मागच्या सीटवर बसून पुढच्या दोघांचे निरोप एकमेकांना पोचवायचे, या विचारानेच मला रडू यायचं.

पण निरोप पोचवायचा तर तो थोडा तरी कळायला हवा, आणि मला काही म्हणता काही कळत नव्हतं. इंजिनाच्या धुराने एक पंखा फिरतो. त्याच दांडीवरचा दुसरा पंखा इंजिनात हवा कोंबतो. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल, जास्त पेट्रोल म्हणजे जास्त धूर, आणि जास्त धूर म्हणजे पंखा आणखी जोरात. भाकरी थापता थापता मी हे मनात घोळवत होते आणि एकदम माझ्या तोंडून निघालं, "बाबा, मग हे थांबतं कुठे?"

सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "विचार त्याका."

मी खाली जाऊन विचारलं. नवऱ्याने टर्बो पुन्हा सोडवायला घेतला. जादा धूर बाजूने सोडून देणारी एक झडप त्या टर्बोला होती; ती गंजून अडकली होती आणि त्याने ती तशीच बसवली होती. "हे बाबांनी विचारलं?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात इतक्या महिन्यांनी आदरासारखं काहीतरी ऐकू आलं, म्हणून मी "हो" म्हटलं.

शेवटचा रविवार आला. संध्याकाळी गाडी चालू करून बघायची होती. सासरे सकाळी म्हणाले, "त्याका सांग, टर्बोतून तेल खाली चेंबरात येता ती नळी जाड ठेव आणि सरळ उतरती ठेव. थंय तेल आपल्या वजनान खाली येता, मागसून कोण ढकलना नाय. नळी मध्येच वर चढली तर तेल तुंबतला आणि सायलेन्सरातून धूर होऊन भायर पडतला."

हा निरोप मला अगदी स्पष्ट कळला होता. मी खाली गेले. नवरा गाडीखाली आडवा होता. "आता काय?" तो माझ्यावर खेकसला. "सारखं मधे मधे काय गं?"

मी म्हटलं, "काही नाही," आणि वर आले.

राग होता, हे खरं. पण दुपारपर्यंत राग उतरला, तरीही मी सांगितलं नाही. सासऱ्यांनी विचारलं, "सांगलंस?" तर मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नुसतीच, मला आठवत नाही. मी विसरले होते का? नाही. मग मुद्दाम? तेही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. इतकी वर्षं झाली, मी त्या दुपारपाशी येते आणि माझं मलाच कळत नाही.

संध्याकाळी गाडी सुरू झाली. पहिली दोन मिनिटं झकास. मग मागून निळा धूर निघाला, आणि तो निघतच राहिला. कंपाउंड दिसेना, समोरची बिल्डिंग दिसेना, वरच्या मजल्यावरचे खिडक्या आपटून बंद करू लागले. सासरे अनवाणी जिना उतरले. धुरातून त्यांचा आवाज आला.

"बंद कर आधी! तुका नळी उतरती ठेव म्हणून सांगून धाडलंय ना?"

"कधी सांगितलंत?"

"सकाळी!"

"मला कोणी काही सांगितलेलं नाही, बाबा!"

'बाबा' म्हणाला तो. थेट त्यांना. माझे डोळे चुरचुरत होते आणि त्यातलं सगळंच धुरामुळे नव्हतं. धूर विरळ झाला तेव्हा दोघं माझ्याकडे बघत होते.

"विसरले," मी म्हटलं.

सासऱ्यांनी कपाळावर हात मारला. नवरा हसला आणि बापाला म्हणाला, "तिला काय सांगायचं, बाबा. तिला इंजिनातलं काय कळतंय?"

"ता खरा," सासरे पान्यासाठी हात पुढे करत म्हणाले. "माझीच चूक. पानो दी हयसर."

दोघांनी मिळून तासाभरात ती नळी सोडवून सरळ केली. मी चहा आणून ठेवला. तो गार झाला.

त्या वर्षी कशेडी घाटात गाडी कुठेही थांबली नाही. पुढे बापलेक गिअर, तेल, झडप असं अखंड बोलत होते. झडपेचा प्रश्न मुळात कोणाच्या डोक्यात आला यावर दोघांचा प्रेमळ वाद चालला होता. हा म्हणे तुमच्या, ते म्हणत तुझ्या. तो मी भाकरी थापताना विचारला होता, हे सासऱ्यांनाही आठवत नव्हतं. मागे तांदळाच्या पोत्याला टेकून मी बसले होते. मला कोणी काही विचारेना, कोणाला काही सांगायला सांगेना. पनवेल सोडतानाच मी मनाशी ठरवून अबोला धरला होता.

गाव आलं, सामान उतरलं, तरी तो कोणाच्या लक्षात आला नव्हता.