देवस्थळी मॅडम आणि कातळातला वायू

देवस्थळी मॅडम दगड जिभेला लावून बघत. कडेगावच्या माळावर त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या काळ्या कातळाची कपची चाटत होत्या. मी नवीन भूवैज्ञानिक, हसू आवरेना. "हसतोस काय? चिकणमाती असली तर जीभ चिकटते. बघ चाटून," म्हणाल्या.

कारखान्यांच्या धुराड्यांतला कार्बन डायऑक्साइड वायू पकडून जमिनीत गाडायचा, असं सरकारनं मनावर घेतलं होतं. आमच्या भागातला कातळ त्याला चालेल का, हे मॅडमनी वर्षानुवर्षं तपासलं. प्रयोगशाळेत त्या वायूनं दगडात उमटलेली पांढरी रेघ त्यांनी मला दाखवली. "हा वायू होता. आता दगड झालाय," म्हणताना ही वाईची करारी बाई त्या रेघेवरून हळुवार बोट फिरवत होती.

मग गावाची संमती घ्यायला ग्रामसभा झाली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आवं मॅडम, त्यो वायू आमच्या हिरीत उतरला तर?"

"उतरू नये अशीच जागा निवडलीय. पण खात्री देत नाही. विहिरींचं पाणी आम्ही सतत तपासू. बिघडलं, तर काम थांबवू."

"ह्यास्नीच खात्री न्हाई, मग आमी कशाला व्हय म्हणायचं?"

गावानं नकार दिला. परतताना जीपमध्ये आमच्या कचेरीचे साहेब फणकारले, "शंभर टक्के सुरक्षित आहे, एवढं म्हणायला काय झालं होतं?"

"खरं नव्हतं," मॅडम म्हणाल्या.

महिन्याभरात त्यांची बदली झाली. पुण्याच्या कचेरीत त्या इतरांच्या अहवालातलं शुद्धलेखन तपासत बसल्या. तिथंच आजारी पडल्या आणि रजा टाकून वाईला घरी आल्या.

पुढं लोणंदजवळच्या एका गावात साहेब स्वतः बोलले. शंभर टक्के सुरक्षित. गावानं त्यांना फेटा बांधला. उद्घाटनाला पडद्यावर सगळे आलेख मॅडमचे होते, ती पांढरी रेघही होती. खाली नाव साहेबांचं.

मी चिडून मंडपाबाहेरूनच मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं.

त्यांना धाप लागत होती. "विहिरींचं पाणी तपासतायत का रे?"

"नाही. वेळ जातो म्हणून ते वगळलं."

मग म्हणाल्या, "मग माझं नाव घातलं नाही, ते बरंच झालं."

त्याच आठवड्यात त्या गेल्या. कचेरीतल्या शोकसभेत साहेबच बोलले, आणि छान बोलले.